आम्ही चुकीचा आकडा वाचत होतो

कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनच्या खोलीबाहेर नर्सताईंनी ह्यांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे बघून म्हणाल्या, "आज होणार नाही." यंत्रावर आकडा होता २३१. रात्री दहापासून ह्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. तारीख होती २३ मार्च २०२३. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून धामणगावला यायचं, तिथून सेवाग्राम एक्सप्रेसने दादर, आणि मग चुलत नणंदेच्या कळव्याच्या घरी मुक्काम. एवढं करून मिळवलेली ती तारीख होती.

हे म्हणाले, "मले शुगर? आमच्या घरात कोणालेच नाही." तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं, तरी एवढं बोलले.

आदल्या दिवाळीपासून डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून जखम होती. आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटारी भरून देतात. दुकानाला लागूनच खर्ऱ्याचा ठेला. दिवसाला सात-आठ पुड्या व्हायच्या. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, पण आमच्या दुकानाशेजारचं घोटणं एक दिवसही थांबलं नाही. तंबाखू नसलेली सुपारी नुसती चघळली तरी कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते छापून जाहीर केलं. ह्यांनी मध्ये सहा महिने तंबाखू सोडून साधी सुपारी धरली होती आणि आम्ही दोघंही समाधानात होतो.

तोंड आधीपासूनच आखडत चाललं होतं. मुलीच्या वाढदिवसाला पाणीपुरी आणली तेव्हा ह्यांना ती फोडून, तुकडे करून खावी लागली. ती खूण होती, आम्हाला कळली नाही. गावाजवळच्या एका डॉक्टरांनी जखमेवर जेल आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या तीन महिने दिल्या. तीन आठवड्यांत न भरलेल्या तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा, हे मला आता माहीत आहे, आणि ते तीन महिने आठवले की आजही माझा जीव तुटतो. फेब्रुवारीत बायोप्सी झाली. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर. "टाटाले न्या," असं चार जणांनी सांगितलं आणि आम्ही परळ गाठलं.

साखरेमुळे पेट स्कॅन का अडावा, हे तिथल्या तंत्रज्ञ मुलाने मला उभ्या उभ्या समजावलं, आणि त्या दिवसापासून या आजाराकडे बघण्याची माझी नजर बदलली. शिरेतून जे इंजेक्शन देतात ते साखरेसारखंच असतं, फक्त तिला फ्लोरिन-१८ नावाचा किरणोत्सारी कण जोडलेला. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या ओढतात. जोडलेली साखरही त्या ओढतात, पण ती त्यांना पुढे जाळता येत नाही, आत अडकून पडते आणि कॅमेऱ्याला दिसते. रक्तात आधीच भरपूर साखर फिरत असेल तर पेशी तीच खातात आणि इंजेक्शनमधली साखर बाहेर राहते. मग गाठ असूनही फिकी दिसते. म्हणून साधारण दोनशेच्या खाली साखर लागते.

शाळेत मी विज्ञान शिकवते. पेशी साखर आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, जोरात धावताना ऑक्सिजन कमी पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल होतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असतानाही साखरेचं लॅक्टिक आम्लच करत राहते, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात पाहून ठेवलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणावर आजचं हे यंत्र उभं आहे. ज्या धड्याला मी दोन तास द्यायची, तो धडा आमच्याच घरात येऊन बसला होता.

त्याच दिवशी एचबीए१सी केली. ८.९ आली. म्हणजे गेले तीन महिने रक्तात साखर जास्तच होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. जखम भरत नाही, वजन उतरतंय, तहान लागते, हे सगळं आम्ही तोंडाच्या खात्यावर लिहीत होतो. औषध आणि इन्सुलिन सुरू झालं आणि २८ मार्चला १४२ आली. स्कॅन झाला.

तो एक तास मला विसरता येत नाही. इंजेक्शननंतर ह्यांना एका अंधाऱ्या खोलीत आरामखुर्चीवर बसवलं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, फोनही बघायचा नाही. हलणारे स्नायू साखर ओढतात, आणि जबड्याचे स्नायू हलले तर नेमकी तीच जागा चमकते जी तपासायची आहे. वीस वर्षं ज्यांचा जबडा कधी थांबला नाही तो माणूस एक तास तोंड मिटून निश्चल बसला होता. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि त्या दिवशी लहान मुलांपासून, गरोदर बायांपासून लांब राहायला सांगितलं. फ्लोरिन-१८ची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी भाच्याला जवळ घ्यायला हरकत नव्हती.

रिपोर्ट इंग्रजीत तीन पानी. त्यात एक आकडा ठळक: गालातल्या जखमेचा एसयूव्ही मॅक्स १७.४. मानेतल्या गाठीचा ८.२. फुप्फुसं, यकृत, हाडं साफ.

धाकटे दीर पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी रात्रभर फोनवर शोधलं आणि सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, सतरा म्हणजे लय जास्त आहे. ज्यायचा आकडा मोठा त्यायचं आयुष्य कमी, असं लिहून आहे." त्यानंतरचे दोन दिवस आम्ही घरात त्या सतराशी झगडत होतो. कोणाचा बारा होता, कोणाचा वीस, अशी चौकशी रांगेत बसलेल्या लोकांकडे करत होतो. हे झोपले की मी रिपोर्ट उघडून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचायची, जणू वाचून तो कमी होणार होता.

आमच्या सर्जनना मी शेवटी विचारलंच. त्यांनी टाळलं नाही, घाईही केली नाही. म्हणाले, "ताई, टोचलेली साखर सगळ्या अंगात सारखी पसरली असती तर जिथे बघाल तिथे एक आला असता. ह्या जागेने सतरा पट ओढली, एवढाच त्याचा अर्थ. मेंदू बघा, तोही असाच चमकतो, कारण तो साखरेवरच जगतो. मूत्राशय चमकतं, कारण ती साखर लघवीतून जाते. इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन केला, त्या वेळी साखर किती होती, यंत्र कोणतं, यावर आकडा हलतो. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. पुष्कळ रुग्ण एकत्र घेतले तर मोठ्या आकड्यांच्या गटात आजार जास्त उलटतो, असं अभ्यासांत दिसलंय, ते खरं आहे. पण ह्या एका माणसाचं काय होईल ते त्यातून सांगता येत नाही. मला ह्यातून एवढंच हवं होतं की आजार छातीत गेलेला नाही. तो नाही. ऑपरेशन करता येईल."

मग त्यांनी आमच्या फायलीतला दुसरा कागद वर काढला. साध्या रक्ततपासणीची पांढरी पट्टी. आम्ही ती घडी करून मागे खोचली होती. त्यावर एका ओळीवर बोट ठेवलं: अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, २.९. "माझी काळजी ही आहे," असं म्हणाले.

वजन विचारलं. दिवाळीला ६३ किलो होतं, हे माहीत होतं, कारण मोटारी तोलायच्या काट्यावर हे गमतीने चढले होते. त्या दिवशी रुग्णालयातल्या काट्यावर ५१.५. साडेअकरा किलो, म्हणजे अठरा टक्के. सहा महिन्यांत दहा टक्के उतरलं तरी डॉक्टर सावध होतात. त्यांच्यासोबतच्या शिकाऊ डॉक्टर मुलीने कागदाच्या मागे एक गणित मांडलं. अल्ब्युमिनला दहाने गुणायचं, त्यात रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येचा दोनशेवा भाग मिळवायचा. ह्यांच्या पेशी १६००. एकोणतीस अधिक आठ, सदतीस. जपानमध्ये १९८४ साली ओनोडेरा नावाच्या डॉक्टरांनी पोटाच्या ऑपरेशनच्या रुग्णांसाठी ही मोजणी मांडली, आता तोंडाच्या कॅन्सरमध्येही ती बघतात. आकडा खाली असला की जखम न भरणं, जंतुसंसर्ग, आणि पुढे जगण्याचं प्रमाणही कमी, असं बऱ्याच ठिकाणी आढळलं आहे. "ह्यांचा चाळिशीच्या वर जायला पाहिजे," ती म्हणाली. "आणि सतराचं तुम्ही काही करू शकत नाही, पण ह्याचं करू शकता."

त्या वाक्याने मला दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास आला.

ऑपरेशन तीन आठवडे पुढे, १८ एप्रिलला ठरलं. तोवर नाकातून नळी घालून खाणं द्यायचं. इथे घरात भांडण झालं. सासूबाई फोनवर रडल्या, "नळी लावली म्हणजे मानूस हातचा गेला." गावातल्या मोठ्या जाऊबाईंचंही तेच मत. नळी म्हणजे शेवट, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की कित्येक घरं ती नाकारतात आणि माणूस उपासाने खंगतो. मला त्या घरांवर रागावता येत नाही, कारण मीही नळी बघितली तेव्हा बाहेर जाऊन रडले. पण ज्यांच्या कानावर हे जाईल त्यांना मी कळवळून सांगते: नळी हा शेवट नाही. तोंडाला वळसा घालून पोटापर्यंत जाणारी ती वाट आहे.

दुसरं संकट गावाकडून आलं. ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी निरोप दिला, "साखर, भात, दूध, सगळं बंद करा. कॅन्सर साखर खाते ना, त्याले उपाशी मारा." पेट स्कॅनची गोष्ट मीच घरी सांगितली होती, त्यामुळे दीरांनाही ते पटलं. मला स्वतःलाही अर्धं पटलं, हे कबूल करते. यंत्राने दाखवलेलं सत्य आणि हा सल्ला यांच्यात मधला दुवा तुटलेला होता, तो आहारतज्ज्ञ बाईंनी जोडून दिला.

त्या म्हणाल्या, "तुम्ही साखर देणं बंद केलं म्हणून रक्तातली साखर शून्य होईल का? मेंदूला ती लागतेच. शरीर स्नायू मोडतं, त्यातली प्रथिनं यकृताकडे पाठवतं आणि यकृत त्याची साखर करतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच. उपाशी राहतो तो माणूस. ह्यांच्या दंडाकडे बघा." मी बघितलं. पंपाची मोटार एकट्याने उचलणाऱ्या माणसाच्या दंडावर कातडी लोंबत होती. त्यांनी पुढे सांगितलं की मधुमेह आहे म्हणून गूळ-साखर वरून घालायची नाही, ते वेगळं. साखर आटोक्यात ठेवायची इन्सुलिनने, पोट रिकामं ठेवून नाही.

पहिले तीन दिवस निम्मंच खाणं दिलं आणि रोज रक्त घेतलं. मला वाटलं होतं, भुकेल्या माणसाला भरभरून द्यावं. तसं करायचं नसतं. बरेच दिवस कमी खाल्लेल्या माणसाला एकदम अन्न दिलं की इन्सुलिन उसळतं, आणि त्याबरोबर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट पेशींमध्ये शिरतं. रक्तात ते इतकं उतरू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. चौथ्या दिवशी पूर्ण माप सुरू केलं: दिवसाला १६०० कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं.

कळव्याच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात नणंदेने मला अर्धा ओटा दिला. एक लिटर दूध. सहा उकडलेल्या अंड्यांचं पांढरं, मिक्सरमधून काढून. मूगडाळ पातळ शिजवून, दोनदा गाळून. ज्वारीच्या पिठाची आंबील, कारण घरची चव नळीतून लागत नसली तरी ती मला करायची होती. लिहून दिलेली प्रथिनांची पूड. सगळं मिळून आठ वेळा, दर दोन तासांनी २०० मिली, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत. आधी नळी जागेवर आहे का बघायचं, नाकापाशी मारलेली खूण हलली नाही ना. पाठीला उशा देऊन बसवायचं, पिचकारी उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दाबायचं नाही, शेवटी पाणी सोडून नळी धुवायची, आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी आंबील नीट गाळली गेली नाही आणि नळी तुंबली. कोमट पाण्याने हळूहळू मोकळी करायला चाळीस मिनिटं लागली, तोवर माझे हात थरथरत होते. त्यानंतर मी प्रत्येक गोष्ट साडीच्या जुन्या मऊ तुकड्यातून गाळली.

मुलीच्या शाळेची एक कोरी वही बरोबर आली होती. त्यात मी रोज चार रकाने भरायची: किती दिलं, साखर किती, लघवी किती वेळा, वजन. तीच वही नंतर प्रत्येक डॉक्टरांनी आधी मागितली.

७ एप्रिलला पुन्हा रक्त दिलं. अल्ब्युमिन ३.०. आठवडाभर रात्रंदिवस केलेल्या कष्टाचं फळ एक दशांश. मी तिथेच बाकावर बसले. शिकाऊ डॉक्टर मुलीने माझी वही बघितली आणि म्हणाली, "तुमचं काही चुकलेलं नाही. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं आणि त्याचं अर्धं आयुष्य वीस दिवसांच्या आसपास असतं, म्हणून ते हळू वर येतं. शिवाय ते नुसतं खाण्यावर नाही. शरीरात कुठे सूज, जंतू असले की यकृत अल्ब्युमिनचं काम कमी करून सूजेशी लढणारी प्रथिनं करायला लागतं." ह्यांच्या गालातली जखम चिघळलेली होती आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला होता. प्रतिजैविक सुरू झालं, तोंड मिठा-सोड्याच्या पाण्याने दिवसातून सहा वेळा धुवायला सुरुवात केली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. कारण घरोघरी बायका हा आकडा आपल्या स्वयंपाकाची परीक्षा समजतात आणि तो वाढला नाही की स्वतःला दोष देतात. माणूस किती आजारी आहे हेही त्या आकड्यात असतं, नुसतं तो किती जेवला हे नाही. वजन तोवर ५२.४ झालं होतं, रात्री उठून बसताना ह्यांना आता माझा हात लागत नव्हता. ते अल्ब्युमिनच्या आधी दिसलं.

१५ एप्रिलला ३.३. लिम्फोसाइट १७००. मी स्वतःच गणित केलं: तेहेतीस अधिक साडेआठ, साडेएकेचाळीस. वजन ५३.

ऑपरेशन सात तास चाललं. गालाचा आतला भाग, त्याला लागून जबड्याच्या हाडाचा तुकडा, मानेतल्या गाठी काढल्या, आणि छातीचा स्नायू कातडीसह वर वळवून गाल भरला. गळ्याला श्वासाचं छिद्र. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात बघितलं तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता, पण डोळे ह्यांचेच होते. ह्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं: वजन किती? नवव्या दिवशी टाक्यांच्या एका कोपऱ्यातून लाळ झिरपायला लागली. सर्जन रोज स्वतः बघायचे. साखर १४० ते १८० च्या मध्ये ठेवली, नळीतलं खाणं थांबवलं नाही, ड्रेसिंगवरच ते आठ दिवसांत बंद झालं. मार्चमध्येच, अल्ब्युमिन २.९ वर आणि साखर २३१ वर असताना घाई केली असती तर हा कोपरा केवढा उघडला असता, असं त्यांनी एकदाच म्हटलं, आणि मला ते पुरलं.

मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. पुढचं काय, हे खरं त्या कागदाने ठरवलं. गाठ किती खोल गेली होती: १२ मिलिमीटर. हाडात शिरली होती. कापलेल्या भागाच्या कडा सगळ्या मोकळ्या, म्हणजे तिथे आजार नाही. मानेतल्या ३८ गाठींपैकी दोनमध्ये आजार, पण गाठीचं आवरण फोडून बाहेर नाही. "चौथी पायरी" हे शब्द त्यात होते. दीरांचा फोनवरचा आवाज बदलला. त्यांना मी सांगितलं, सर्जननी मला सांगितलं होतं तसंच, की तोंडाच्या कॅन्सरमध्ये हाडात शिरणं किंवा मानेत एकाहून जास्त गाठी असणं एवढ्यानेही चौथी पायरी लिहितात, पण ती चार-अ, तिच्यावर बरं करण्याच्या हेतूने उपचार होतात. कडा मोकळ्या आणि आवरण शाबूत, म्हणून केमो नाही, फक्त रेडिएशन. एसयूव्ही १७.४ हा आकडा त्या सगळ्या चर्चेत कोणी एकदाही काढला नाही.

रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. २९ मेला सुरू झालं, ७ जुलैला संपलं. तीस दिवस, ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप). आधी किडके दात काढले, कारण रेडिएशननंतर किरण पडलेल्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो. चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून टेबलाला जखडायचे, आत पाच-दहा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटलं, चव गेली, लाळ दोरीसारखी चिकट झाली. दर सोमवारी वजन. ५२ ने सुरुवात केली, शेवटच्या आठवड्यात ५०.२. शेजारच्या बाकावरचे एक काका नळीला नाही म्हणत राहिले, सात किलो उतरले आणि मध्येच आठ दिवस उपचार थांबवावे लागले. रेडिएशनमध्ये खंड पडणं चांगलं नसतं. त्यांच्या मुलाला मी माझी वही दाखवली, पण तोवर खूप उशीर झाला होता की नाही हे मला कळलं नाही, कारण नंतर ते दिसले नाहीत.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशनच्या आधी एक संशोधक मुलगी आमच्याकडे आली होती, हातात मराठीतलं संमतीपत्र घेऊन. उपचारासाठी जे रक्त घेतात त्यासोबत एक जादा नळी आणि थोडी लाळ हवी होती. रक्तातल्या शेकडो बारीक रेणूंची, म्हणजे लॅक्टेट, अमिनो आम्लं, मेदाचे घटक वगैरेंची यादी करायची आणि ज्यांचा आजार पुढे उलटतो त्यांच्यात आधीपासून काही वेगळं होतं का ते शोधायचं, असं तिने सांगितलं. ह्यांनी पाटीवर लिहून विचारलं, "माझा निकाल सांगाल?" ती म्हणाली, "नाही दादा. तुमच्या उपचारात यामुळे काहीच बदलणार नाही. आज अशी एकही रक्ततपासणी नाही जिच्या एका रेणूवरून तोंडाच्या कॅन्सरचा पुढचा प्रवास खात्रीने सांगता येईल. तशी व्हावी म्हणून हे आहे." तिचं हे स्पष्ट बोलणं मला फार आवडलं. ह्यांनी सही केली.

२०२५ च्या जूनमध्ये दोन वर्षांच्या तपासणीला गेलो होतो. हा आजार उलटायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, त्यामुळे त्या तारखेकडे आम्ही श्वास रोखून बघत होतो. तोंड, मान, सगळं साफ. वजन ५८. एचबीए१सी ६.८. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या कामाची तपासणी, मात्र वाढून ११, कारण मानेवरच्या रेडिएशनने थायरॉइड मंदावू शकते. आता रोज सकाळी एक गोळी. नळी केव्हाच गेली. तोंड अडीच बोटं उघडतं, भाकरी दुधात कुस्करून चालते, लाळ कमी म्हणून पाण्याची बाटली सतत हाताशी. दुकान चालू आहे. शेजारचा ठेलाही चालू आहे. ह्यांनी तिकडची भिंत वाढवून घेतली.

ती संशोधक मुलगी बाहेर भेटली. दोन वर्षांनंतरचा नमुना देणार का, विचारलं. ह्यांनी लगेच बाही वर केली. ती म्हणाली, "दादा, सकाळी काही खाल्लंत का?" दोन इडल्या आणि दूध झालं होतं. "मग आज नको. जेवल्यावर रक्तातलं सगळंच बदलतं. दहा तास उपाशी पाहिजे." आमचं दुपारच्या सेवाग्रामचं तिकीट होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तिलाच म्हणाले, "उद्या सकाळी सातले येतो. पाह्यजो, मी पहिलाच असतो."

तिकीट रद्द केलं. रात्री नऊला ह्यांचं जेवण आटपलं आणि मी ताट उचलून ठेवलं. दोन वर्षं या माणसाच्या पोटात काय गेलं याचा एकेक थेंब मी लिहिला होता, आणि आता दहा तास काहीही जाऊ द्यायचं नव्हतं. बारा वाजता उठून मी ह्यांची साखर तपासली. ११८. हे शांत झोपले होते. मला झोप आली नाही.

सात वाजता एक नळी रक्त, एक छोटी डबी लाळ. लाळ जमायला वेळ लागला, ती मुलगी घाई न करता थांबली. मग खाली कँटीनमध्ये येऊन ह्यांनी उपमा मागवला, त्यावर दूध ओतून घेतलं आणि चमच्याने कालवत बसले. चाळीस मिनिटं लागली. पूर्ण बशी संपली.